बंद जिनिंगमधला आवाज

सरकीच्या ढेपेचा वास आला की धुळ्याजवळची ती बंद जिनिंग आठवते. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे माझ्या वडिलांनी, आबांनी, तिथे उभा जन्म चालवले. त्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, म्हणून ते घरीही ओरडूनच बोलत. शेजाऱ्यांना वाटे, यांचं रोजचं भांडण. जिनिंग पाडणार असं कळलं तेव्हा मी त्यांना तिथे घेऊन गेलो. पत्रे उडालेले, पट्टे उंदरांनी कुरतडलेले, कोपऱ्यात काळी पडलेली रुई. "बठ्ठं लई गयात रे!" सगळं नेलं म्हणून आबा ओरडले, तशी छतातली कबुतरं फडफडली. मग त्यांना त्यांचा रेचा सापडला. शेवटच्या दसऱ्याचं कुंकू गंजावर अजून दिसत होतं, झेंडूच्या माळेचा नुसता दोरा उरला होता. त्यांनी चपला काढल्या, रेच्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. शेजारी उभा असूनही मला ऐकू आलं नाही. "काय म्हननात, आबा?" मी विचारलं. "तुले नही," ते हळूच म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज कधी चढलाच नाही. शेजारी हसून म्हणाले, "मिटलं वाटतं भांडण!" आता आबा नाहीत, पण ढेपेचा वास आला की मी अजून कान देऊन उभा राहतो.