सुजेला शून्य

बंडोपंतांनी जन्मात कुणाला सुई टोचली नव्हती, पण आपण अर्धे डॉक्टर आहोत याबद्दल त्यांना शंका नव्हती. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडच्या सरकारी आरोग्य केंद्रात ते कारकून. आलेला माणूस आधी त्यांच्या टेबलावरून जायचा आणि नाव-गाव विचारता विचारता पंत त्याची जीभही बघून घ्यायचे. घरी बायकोला, गंगूताईंना, शिंक आली तरी "या महिन्यातली चौथी" असं सांगणारा हा माणूस. त्यांना आकड्यांचा लळाच होता.

नव्याण्णव साली हिंगोली परभणीपासून वेगळी निघून जिल्हा झाली. नवा जिल्हा, नवे साहेब, नवे फॉर्म. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "केंद्राला जीप एक, बाळंतिणी शंभर. कुणाला नांदेडला न्यायचं, कुणाला इथंच ठेवायचं, याची काही पद्धत पाहिजे." साहेब बोलून मोकळे झाले, पंतांनी मात्र 'पद्धत' हा शब्द रुमालात बांधून घरी आणला.

तीन आठवडे ते बाळंतपणाचं रजिस्टर घेऊन बसले. आठ वर्षं, सहाशे बारा बाया. प्रत्येकीची तक्रार एका रकान्यात, शेवटी काय झालं ते दुसऱ्यात. ज्या तक्रारीपुढे वाईट निकाल जास्त, तिला गुण जास्त. आडव्या मुलाला सहा, रक्त कमी असेल तर पाच, अशी वीस गुणांची बेरीज. आठाच्या वर गेली तर जीप, नाहीतर इथंच. मग त्यांनी तो कागद त्याच सहाशे बारा बायांना लावून पाहिला, तर काय, जवळजवळ सगळं बरोबर! ज्या पुस्तकातून प्रश्न काढले त्याच पुस्तकात उत्तरं तपासली, तर गुरुजी पहिले येणारच. पण हे तेव्हा पंतांना कोण सांगणार?

सांगणारी एक होती. नर्स जनकाबाई. अकरा वर्षं त्याच केंद्रात, पायाला भिंगरी, जिभेला धार. भिंतीवर चिकटवलेला कागद तिनं कमरेवर हात ठेवून वाचला.

"पंत, सुजेला शून्य काहून दिलं हो?"

"आकडे सांगून राहिले, सिस्टर. तोंडापायावर सूज आणि डोकेदुखी अशा एकतीस बाया. एकतीसच्या एकतीस, आई-बाळ सुखरूप. एवढा चांगला निकाल तर धडधाकट बायांचाही न्हाई."

"सुजेवर माझा भरवसा न्हाई."

"तुमचा भरवसा रजिस्टरात कुठं लिहू? रकाना न्हाई त्याला."

ओसरीवरचे लोक हसले. जनकाबाईही हसली, पण जरा उशिरा. साहेबांना मात्र कागद फार आवडला. पुढच्या मीटिंगला पंतांनी तो समजावून सांगायचा आणि मग जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांच्या भिंतीवर तो लागायचा, असं ठरलं. पंतांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

मीटिंगच्या आठ दिवस आधी जनकाबाई हिंगोलीला ट्रेनिंगला गेली होती. त्या दिवशी धुरपताबाई आपल्या सुनेला, सरिताला, घेऊन आली. आठवा महिना उलटलेला, पाय भरलेले, डोळे सुजून बारीक झालेले, डोकं धरून बसलेली. नोकरीला दोन महिने झालेल्या डॉक्टरांनी तिचं बीपी घेतलं, जरा घुटमळले आणि पंतांकडे पाहिलं. पंतांनी बेरीज केली. पहिलटकरीण, तीन गुण. सूज, शून्य.

"विसात तीन? म्हंजी नापास की हो पोरगी!" धुरपताबाई घाबरली.

"उलटं असतं मावशी. कमी गुण तेवढं चांगलं. घरी न्या. कागद म्हणतो, काही होत न्हाई."

बाहेर लिंबाखाली जीप उभी होती. साहेब कधीही येतील म्हणून ड्रायव्हर वसरामनं ती धुऊन पुसून ठेवली होती.

दोघी फाट्यावर बसची वाट पाहत बसल्या आणि त्याच बसमधून जनकाबाई उतरली. सरिताचं तोंड पाहताच तिनं पिशवी खाली टाकली. केंद्रापर्यंत मागं जायलाही ती थांबली नाही. धरणावरून मासळीचा टेम्पो येत होता. ती रस्त्यात आडवी उभी राहिली. बर्फाच्या खोक्यांमध्ये सरिताचं डोकं मांडीवर घेऊन ती नांदेडला पोचली. दवाखान्याच्या दारातच सरिताला झटके सुरू झाले. डॉक्टर समोर होते, म्हणून वाचली. लेकरूही वाचलं.

तिसऱ्या दिवशी जनकाबाई पंतांच्या टेबलापाशी आली. "नोंद करा. सरिता. सूज, डोकेदुखी. आई-बाळ सुखरूप."

पंतांनी लिहिलं. तोवर डॉक्टर मागून डोकावले. "बत्तीस झाल्या की, पंत! तुमचा कागद पुन्हा बरोबर!"

पंतांचा हात तिथंच थांबला. डॉक्टर आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, आधीच्या एकतीस... त्याही तुमीच नांदेडला नेल्या?"

"मंग काय त्यांना पंख फुटले होते व्हय? सुजलेली बाई मी एक रात्र हितं ठेवत न्हाई. तुमाला ठावं हाय म्हणूनच तर गप बसले. लॉगबुक तुमीच लिहिता की."

जीपचं लॉगबुक खरंच पंतच लिहायचे. वसराम सांगायचा आणि पंत लिहायचे, 'नांदेड, कारण: रुग्ण'. त्यांनी ते काढून रजिस्टरशेजारी उघडलं. आठ वर्षांत ही दोन पुस्तकं एका टेबलावर शेजारी कधी आली नव्हती. तारखा लावत गेले. सत्तावीस वेळा जीप. उरलेल्या चौघींपुढे रजिस्टराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'ट्रकने', 'दुधाच्या गाडीने'. दोन्हीकडे अक्षर त्यांचंच. सूज साधी नव्हती. ही बाई धावत होती म्हणून सूज साधी दिसत होती. तिच्या धावण्याचे सगळे गुण पंतांनी सुजेला देऊन टाकले होते आणि वर तिलाच लोकांत हसले होते.

त्यांचे कान तापले. कुणी एक शब्द बोललं असतं तर बरं झालं असतं, पण कुणी बोलणारच नव्हतं. रजिस्टर त्यांच्याच बाजूनं होतं. गप्प बसले असते तर सन्मानच झाला असता. रात्री घरी गंगूताईंनी पिठलं वाढलं, ते तसंच गार झालं. "पोट बिघडलं का?" त्यांनी विचारलं. पंत हो म्हणाले. पोटाचं नाव सांगणं सोपं होतं.

मीटिंगला ते जुनाच शर्ट घालून गेले आणि काखेत दोन्ही पुस्तकं होती. उभे राहताच म्हणाले,

"साहेब, कागद लावू नका."

"काहून?"

"त्यात सुजेला शून्य दिलंय. चुकलंय ते. माझ्या शब्दावर मागच्या आठवड्यात एक पहिलटकरीण मेली असती." पुढचं सगळं त्यांनी पुस्तकं दाखवत, अडखळत सांगितलं. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पंतांनी मान वर केली नाही.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, होते चूक. मग सुजेला किती गुण देऊ? दहा? लिहा दहा."

"तेही माहीत न्हाई, साहेब. न्यायचं राहिलं असतं तर काय झालं असतं, ते रजिस्टरात एकदाही घडलेलं न्हाई. देवानं घडवू पण नये. आकड्यांना ते विचारता येत न्हाई." पंतांनी मागे हात दाखवला. "या सिस्टरांना विचारा. बाई बघितल्यावर त्या काय बघतात, ते मी अकरा वर्षांत एकदाही विचारलं न्हाई."

जनकाबाई सगळ्यात मागच्या खुर्चीवर होती. ती उठली, पदर खोचला आणि पंतांकडे बोट करून म्हणाली, "सांगते, पण आधी यांना लिहाया बसवा. आन् पंत, मी म्हणंल तेच लिहा. मधी बेरीज करू नका."

पंत खाली बसले. पेनाचं टोपण काढलं, कोरा कागद पुढं ओढला. "बोला, सिस्टर," ते म्हणाले, आणि तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना म्हणून कागदाकडेच बघत राहिले.