नफ्या-तोट्याची वाटेकरीण

नसीमच्या लेकीचा, शाहीनचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून मिरच्यांची देठं खुडत होते. "खाला, अम्मी गेली," एवढंच ती बोलली आणि पुढं नुसता श्वास ऐकू येत राहिला... हात तिखटाचे, डोळे पुसता येईनात. शेवटी सुनेनं आपल्या पदरानं माझे डोळे पुसले आणि मला जीपमध्ये बसवून दिलं. कुंभार पिंपळगावाहून तीर्थपुरी काही फार लांब नाही, पण त्या दिवशी जीप प्रत्येक फाट्यावर थांबत होती. पोचले तेव्हा नसीमच्या घरातल्या बायकांनी न सांगता मला वाट करून दिली. कुणीतरी चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. बालवाडीतली सगळी पोरं एकदाची झोपी गेली की तिचा चेहरा जसा व्हायचा, तसाच होता. दमलेला, आणि जरासा खूश.

आता दीड महिना झाला. नसीमबाईंविषयी चार शब्द लिहावेत असं अनेकांनी सुचवलं, पण चार शब्दांत मावेल असं तिचं काही नव्हतंच. एक्क्याऐंशी साली मी तीर्थपुरीच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले आणि त्याच वर्षी ती गावात आली. कडेवर तीन महिन्यांची शाहीन, बरोबर नवरा रशीदभाई. ते गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. शाळेच्या व्हरांड्यात बालवाडी सुरू झाली आणि मॅट्रिक झालेली नसीम तिथं बाई झाली. मानधन म्हणजे नावाला. मी चौथीचा वर्ग घ्यायची, ती पलीकडं पोरांना गाणी शिकवायची. तिच्या गाण्यांपुढं माझ्या पाढ्यांचं काही चालायचं नाही. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच चटईवर डबे उघडायचो. माझ्या शाकाहारी डब्याची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त, चमचासुद्धा वेगळा आणायची.

शाहीन चार वर्षांची असताना रशीदभाई तापाचं निमित्त होऊन गेले. कारखान्यानं एकरकमी पैसे दिले. त्या वेळी तिला किती सल्ले मिळाले म्हणून सांगू! भाऊ म्हणाला, दुकानात घाल. दीर म्हणाला, प्लॉट घे. मी म्हणाले, मुदत ठेवीत टाक, दर तीन महिन्यांनी व्याज येईल, पोरीचं आणि तुझं भागेल. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जीभ चावली.

"सूद मी न्हाई घेणार, सुमनबाई. अब्बांनी न्हाई घेतला, मी बी न्हाई."

पैसे बँकेत साध्या खात्यावर राहिले. सहा महिन्यांनी त्यावर जे काय व्याज पडायचं, तेवढं ती काढून कुणाला तरी देऊन यायची. घरात तेल संपलेलं असलं तरी. खरं सांगते, मला राग यायचा. पोरीच्या अंगावरचा फ्रॉक माझ्या मुलीचा जुना असायचा आणि ही बाई बँकेतून आणलेले पैसे वाटून यायची. एकदा मी तसं बोललेसुद्धा. ती काही रागावली नाही. "तुमचं बी बराबर आहे," म्हणाली आणि माझ्या डब्यात लोणच्याची फोड ठेवली.

वाट सापडली ती आमच्या मुळे सरांमुळं. हेडमास्तर मुळे सर म्हणजे गावात पेपरातलं शेअर बाजाराचं पान वाचणारा एकमेव माणूस. एका दुपारी ते नसीमला समजावत होते की शेअर घेतला म्हणजे आपण कंपनीला उसने पैसे देत नाही, आपण तिचे भागीदार होतो. नफा झाला तर त्यातला वाटा मिळतो, त्याला लाभांश म्हणतात.

"आन् तोटा झाला तर?" नसीमनं विचारलं.

"तर काही मिळत नाही. भावही पडतो. कधी कधी मुद्दलही जातं."

दुसरी कुणी असती तर इथंच उठून गेली असती. नसीमचा चेहरा उजळला. "मंग बराबर आहे! त्याचं नुकसान ते माझं नुकसान. ह्याच्यात कुणाच्या गळ्यावर पाय न्हाई." ज्या धोक्याला आम्ही सगळे भीत होतो, त्याच धोक्यामुळं तिला तो पैसा आपलासा वाटला. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

सरांच्या सांगण्यावरून तिनं दोन जुन्या, मोठ्या कंपन्यांचे शेअर घेतले. वर्षाला छोटासा चेक यायचा, त्यातून शाहीनची वह्या-पुस्तकं व्हायची. पण पुढं सगळीकडंच शेअरचं वारं सुटलं. जालन्याहून एक एजंट गावात यायला लागला आणि त्याच्या बोलण्यावर हिनं एका नव्या कंपनीत बरेच पैसे घातले. दोन वर्षांत त्या कंपनीचं नाव पेपरातून गेलं आणि तो एजंटही दिसेनासा झाला. तीन दिवस नसीम बालवाडीत आली नाही. चौथ्या दिवशी आली आणि चटईवर बसता बसता म्हणाली, "माझी नजर माणसाच्या लेकराला ओळखते, कंपनीला न्हाई ओळखत. आता निवडायचं काम आपल्याच्यानं होणार न्हाई."

मग इंडेक्स फंडाचं मुळे सरांनीच कुठंतरी वाचलं. तोवर ते निवृत्त झाले होते. देशातल्या सगळ्यात मोठ्या पन्नास कंपन्या, प्रत्येकीत तिच्या मानानं थोडा थोडा पैसा, कुणी हुशारी करून निवडायचं नाही, यादीत आहे ती टोपलीत आहे. नसीमला हे एकदम पटलं. आम्ही दोघी एसटीनं जालन्याला गेलो. फंडाच्या कचेरीतला तरुण मुलगा मोठा सरळ होता. त्यानं बजावून सांगितलं, "मावशी, वाढीचा पर्याय घ्या. लाभांशाचा घेतला तर तो दर वर्षी मिळेलच असं नाही, आणि दिला की फंडाची किंमत तेवढी उतरते."

"बेटा, गाईची धार काढली की वासराला तेवढं कमी पडतं, हे कळतं मला," नसीम म्हणाली. "पन घरात पोरगी शिकून राह्यली. मला दूध पायजे."

फॉर्म मात्र त्या दिवशी भरला नाही. पन्नास कंपन्यांची यादी तिनं मागून घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या लिंबाखाली बसून माझ्या लाल पेन्सिलीनं ती यादी तपासायला लागली. पेपर तपासावा तशी. मी नावं वाचायची, काय करते ती कंपनी ते सांगायची. सिमेंट, बरोबर. औषधं, बरोबर. मोटारी, बरोबर. बँक... फुली. सिगारेट... फुली. पुन्हा बँक. तिचा चेहरा उतरत गेला. मग जालन्याला आपल्या मामूंकडं जाऊन आली. म्हातारे, जाणकार गृहस्थ. त्यांनी म्हणे सांगितलं, "जिथं शक आहे तिथून हात काढलेला बरा. न्हाई जमलं तर तेवढा हिस्सा तरी घरात ठेवू नको."

कचेरीतल्या मुलानं हिशेब करून सांगितलं की फुल्या मारलेल्या कंपन्यांचा वाटा रुपयात दोन-अडीच आणे होईल. नसीमनं चार आणे धरले आणि फॉर्म भरला. पहिल्या वर्षी लाभांश चांगला आला आणि त्यातले रुपयाला चार आणे तिनं बाजूला काढले. आमचा शिपाई गोविंद आयुष्यभर विड्या ओढून छातीच्या दुखण्यानं खंगला होता. त्याच्या औषधांना ते गेले. "सिगारेटचा पैसा आहे, छातीलाच जाऊ द्या," म्हणाली आणि स्वतःच हसली.

दुसऱ्या वर्षी बाजार पडला. लाभांश आलाच नाही. आणि नेमका त्याच वर्षी शाहीनला औरंगाबादला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मी त्यांच्या घरी होते तेव्हा. पोरगी प्रवेशाचा कागद हातात धरून उभी होती. "अम्मी, बँकेत असते तर आज पैसे असते," ती म्हणाली. "गेल्या साली काकाला दिले त्याच्यात माझी पुस्तकं आली असती. तुझ्या पाक-साफ राहण्याची किंमत मी का भरू?" नसीम पुढं झाली. पोरीच्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि शेवटच्या तारखेवर बोट ठेवून वाचत राहिली. त्या खोलीत मला बसवेना, आणि उठवेनाही...

मी पैसे देऊ केले. तिनं माझा हात धरून ठेवला, पैसे घेतले नाहीत. दोन दिवसांनी ती एकटी जालन्याला गेली आणि निम्मा फंड विकून आली. भाव पार तळाला गेलेला होता, घातले त्याच्यापेक्षा कितीतरी कमी हातात पडले. लाभांश खायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही, हा तिचा वर्षानुवर्षांचा नियम. तो तिनं एका दुपारीत मोडला. शाहीनला सांगितलं, सोय झाली. कशी झाली ते सांगू नका, अशी मला ताकीद होती.

पुढं बाजार असा चढला की विचारू नका. विकले नसते तर त्या पैशांचे तिप्पट झाले असते. एकदा मी बोलून गेले, "थोडी थांबली असतीस, नसीम..."

"मी थांबले असते तर शाहीन थांबली असती," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडत राहिली.

शाहीन नर्स झाली. पहिल्या पगाराला अम्मीसाठी साडी घेऊन आली, तेव्हा नसीमची ताकीद मी मोडली. सांगून टाकलं. पोरगी उठून आत गेली. अम्मी स्वयंपाकघरात भाकरी करत होती. मग नसीमचा आवाज आला, "अगं सोड, भाकर करपून राह्यली."

उरलेल्या निम्म्या फंडाचा लाभांश तिला शेवटपर्यंत पुरला. बालवाडीला पेन्शन नव्हती, पण ती कुणापुढं हात पसरून जगली नाही. मागच्या महिन्यात शाहीन फंडाचे कागद आपल्या नावावर करायला निघाली होती, वाटेत माझ्याकडं थांबली. ठेवणार की विकणार, असं मी विचारलं. "ठेवते, खाला," म्हणाली. "चार आण्यांचं काय करू म्हणून लई विचार करून राह्यले होते. मंग आठवलं, गोविंदकाकाची बायको हाये अजून." मी तिला जवळ घेतलं. उंची बापाची आहे, माझं डोकं तिच्या खांद्याला लागतं.

नसीमची आठवण यायला मला फोटो लागत नाही, बाजार लागतो. भाजीवालीनं वजन झाल्यावर वरून दोन वांगी टाकली की नसीम त्यातलं एक उचलून परत तिच्या पाटीत ठेवायची. दुसरं ठेवून घ्यायची, म्हणजे देणारीचंही मन मोडायला नको. मी तिला हसायची. परवा तीर्थपुरीच्या बाजारात एका म्हातारीकडून पेरू घेतले. तिनं वरून दोन टाकले आणि माझा हात कधी पुढं गेला ते माझं मलाच कळलं नाही. एक पेरू मी परत ठेवला होता. म्हातारीनं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं.

"नसीमबाईच्या हाव का तुमी?"

"हो," मी म्हणाले.