मॅडम, रिपीट

मी नांदेडची. लातूरला लग्न होऊन आले तेव्हा मी संगीत नाटकात नायिकेची कामं करायची, आणि सासरच्यांना ते ठाऊक होतं. तरी भूकंपानंतर सासऱ्यांनी सांगितलं, एवढी माणसं ढिगाऱ्याखाली गेली, आता या घरात गाणं नको. वर्षभर मी तोंड उघडलं नाही. ते दुःख माझंही होतं. पण वर्ष सरल्यावरही कुणी 'आता गा' म्हणेना, तेव्हा कळलं की यांना निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी पेटी उचलून तालमीला गेले.

पुढे आमच्या नाट्यमंडळाचा हॉल एका क्लासला भाड्याने गेला. रंगमंचावर फळा आला. आम्हाला तालमीसाठी मागची खोली उरली, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे भोकर, किनवटकडून आलेली लेकरं फिजिक्स शिकायची. एखादं गणित डोक्यावरून गेलं की सगळी एका सुरात ओरडायची, 'सर, रिपीट.' सर बिचारे पुन्हा सांगायचे.

हे सर मला रोज जरा हळू गायला सांगायचे. मी म्हणायची, मला माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गायला शिकवलंय, हळू येतच नाही. खरं तर येत होतं. पण का गावं?

नांदेडचा प्रयोग तोंडावर आला होता. सर दारात येऊन उभे राहिले.

"ताई, उद्यापासून ही खोली आम्हाला लागते. खरं सांगू का, नाटक बघून राहिलंय कोण आता?"

खोली गेली की प्रयोग गेला; घरात गाण्याला अजून बंदीच होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पेटीवर काळी चारचा सूर धरला आणि प्लायवूडकडे तोंड करून दुसऱ्या अंकातलं पद तानांसकट म्हटलं.

पद संपलं तसा पलीकडून एका मुलीचा आवाज आला, "मॅडम, रिपीट." पाठोपाठ सगळी बॅच तेच ओरडू लागली.

या लेकरांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं, वन्समोअर त्यांना कुठून ठाऊक असणार? पण मला ठाऊक होता. आणि तो आला की नटीनं पद पुन्हा म्हणायचं, मग नाटकात कुणी मरणाला टेकलेलं का असेना, हा आमचा दंडक.

"सर, आता मला थांबता येत नाही," मी म्हटलं. "बसा."

ते उंबऱ्यावर बसले. मी पट्टी चढवून काळी पाच धरली.