तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

वर्लिन आस्नेसचं सगळं आयुष्य मिनेसोटातल्या आपल्या गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलण्यात गेलं. माणूस कष्टाळू, पण बोलण्यात महाकंजूष. बायको जेनिस गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही तो "चाललंय ठीक" एवढंच म्हणाला. घरात मग तो आणि मुलगी सिग्नी, दोघंच उरले.

सिग्नीला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला. दोन्ही इवलीशी; एकाच वर्षात दगडांचं शास्त्र, ग्रीक भाषा आणि गाणं शिकता येईल अशी. लिंडाल गाडीने अर्ध्या तासावर. वेदरबी पार पूर्वेकडे, समुद्रकाठी.

चर्चमध्ये कॉफी ओतता ओतता शेजारच्या आर्डिसबाईंनी निकाल देऊन टाकला, "दोन्हीकडे तेच शिकवणार ना गं? मग जवळचं घे. रविवारी जेवायला तरी घरी येशील."

बाईंच्या तोंडात साखर पडो, असं वर्लिनला झालं. पण दुजोरा न देता त्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. कारण सिग्नी वेदरबीला एक दिवस राहून आली होती आणि नंतर आठवडाभर त्याचंच बोलत होती. तिथल्या एक शिकवणाऱ्या बाई म्हणे ओहोटी लागली की आठ-दहा पोरांना घेऊन किनाऱ्यावरच वर्ग भरवतात. आई गेल्यापासून ती इतकं कधी बोललीच नव्हती.

कॉलेजला कळवायच्या शेवटच्या दिवशी, नाश्ता करताना तिने विचारलं, "बाबा, लिंडाललाच जाऊ का? तुझ्याजवळ राहीन."

"माझ्यासाठी नको."

"खरंच नको?"

"नको गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आता या गावात पहिले दोन नकार कोणी मनावर घेत नाही. केक पुढे केला की माणूस दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा म्हणतो, "बरं, अगदी थोडासा." खरं उत्तर तेच. सिग्नीही इथलीच. तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, शेवटचं विचारते. राहू का जवळ?"

'राहा' हा शब्द वर्लिनच्या अगदी ओठांवर आला होता. रिकाम्या घराची त्याला आत्तापासूनच धास्ती वाटत होती.

"नको," तो म्हणाला. "वेदरबीला जा."

सिग्नीचा चेहरा खुलला. तिने तिथल्या तिथे वेदरबीला होकार कळवून टाकला. तिसऱ्यांदा विचारल्यावरही खोटं बोलणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.