दारावरचं नवं
कोकणात नव्या पिकाच्या पहिल्या लोंब्या पूजून दारावर बांधतात, त्याला नवं म्हणतात. झेंडूत गुंफलेल्या त्या ताज्या भाताच्या लोंब्यांचा वास आला की मला रत्नागिरीजवळचं आमच्या विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आठवतं. दोन हजारच्या आसपासची गोष्ट. सरकारच्या अणुसंशोधन निधीतून आम्ही गॅमा किरण दिलेलं बियाणं लावत होतो, बुटका आणि लवकर पिकणारा भात मिळावा म्हणून. कैक हंगामांनी तसं एकच रोप हाती लागलं. बाकी शेत हिरवंगार असताना ते एकटं पिकून पिवळं झालं. ओळखू यावं म्हणून आम्ही त्याला लाल चिठ्ठी बांधली. ते बघायला मुंबईहून निधी देणारे साहेब आले, आणि वाफ्यात नुसता कापलेला बुडखा! केंद्राचे प्रमुख, आमचे सर, मटकन बांधावर बसले. तेवढ्यात शेतावर काम करणारी मावशी हसत आली. "सायब, आज नव्याचा दिवस. आख्ख्या शेतात ह्याच पयलां पिकलां, मग नवां दुसऱ्या कशाचां बांधू?" आम्ही ऑफिसच्या दाराकडे धावलो. चौकटीवर आंब्याच्या पानात, हळदकुंकू लावून, आमच्या लाल चिठ्ठीसकट लोंब्या बांधल्या होत्या. सर खुर्चीवर चढले, तशा चिमण्या भुर्रकन उडाल्या. मागे फोलपटंच उरली होती. आजही कुणाच्या दारावर नवं दिसलं, की हात जोडायच्या आधी मी त्यात दाणे आहेत का ते बघतो.