आपली बोट

उजवा पंजा पाण्याला समांतर धरायचा आणि त्याची टोकं हळूहळू वर न्यायची, ही मेजरांची खूण. माझी दोन इंजिनांची बोट सुसाट सुटली की ते मागे इंजिनांपाशी उभे राहत. मी पुढे चाकावर. त्यांचा पंजा वर जाईल तसं मी ट्रिमचं बटण दाबायचं. इंजिनं किंचित कलायची आणि बोट पाण्यातून नाक उचलायची.

"वर... आनि वर... थोडी आनि... बास! आता बघ आपली बोट कशी पळती!"

बोट माझी होती, पण तीन हंगामांत मेजरांच्या तोंडून 'तुझी बोट' असं मी कधी ऐकलं नाही. आपली बोट, आपला घाट, आपली आई. माझ्या आईला ते 'आपली आई' म्हणत आणि तिच्या हातची नाचणीची भाकरी हक्काने मागून घेत. 'आपला' हा शब्द समोरच्याला अलगद आत ओढून घेतो. मीही त्या शब्दाने आत ओढला गेलो.

मेजर म्हणजे मेजर नव्हेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. साताऱ्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो, मग तो तिकडे हवालदार असो की आचारी. हे फौजेत बोटींच्या तुकडीत होते, म्हणजे त्यांचंच तसं सांगणं. गाव आटपाडी. जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथला हा माणूस कोयनेच्या जलाशयावर येऊन आम्हाला बोट शिकवत होता. घाटावर बसून चहा पितानासुद्धा अंगातलं लाइफ जॅकेट काढत नसत. एकदा मी हसलो, तर म्हणाले, "हस गड्या. आटपाडीच्या मानसाला पान्याची लय भीती. म्हनूनच त्यो पान्याची कदर करतोय."

बढाया मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण पंख्यांचं त्यांना खरंच कळायचं. इंजिनाच्या बुडाशी पाण्यात फिरतो तो पंखा. मी बोट घेतली तेव्हा तिचे पंखे कोकणातल्या एका बोटीवरून उतरवलेले होते. दोन्ही इंजिनांनी गळा काढला तरी बोट जडच.

"सायकलचा गेर हाय रं ह्यो," मेजर पंख्याच्या पात्याचा पीळ दाखवत म्हणाले. "लय पीळ म्हंजी जड गेर. समुद्रावर चालंल. हितं डोंगरावर हवा इरळ, इंजिनाचा दम कमी. फेऱ्यांचा काटा वर चढतच न्हाई बघ." मग कमी पिळाचे लावले, तर इंजिनं नुसतीच ओरडू लागली. असं करत करत मधल्या पिळाची एक जोडी ठरली, एक उजवीकडे फिरणारा आणि एक डावीकडे, म्हणजे बोट एका बाजूला ओढत नाही. त्या दिवशी मेजरांनी पंख्यांना हळदकुंकू लावलं आणि नारळ स्वतःच्या डोक्यावर फोडायचा आव आणून आईला हसवलं.

हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता. माझं गाव जलाशयाच्या अलीकडच्या काठावर आहे. इकडे ना दवाखाना, ना धड रस्ता. दोन्ही पलीकडे. माझे वडील फुरसं चावून याच घाटावर गेले, पलीकडून येणाऱ्या लाँचची वाट बघत. म्हणून तालुक्याच्या साहेबांनी पेशंट नेण्यासाठी एक बोट नेमायचं ठरवलं, तेव्हा ती माझी असावी असं मला वाटत होतं. बोट इकडे उभी असेल तर पेशंटला उचलून सरळ पलीकडे. ती पलीकडच्या बोट क्लबकडे गेली तर आधी तिने यायचं आणि मग न्यायचं. वाट बघणं तसंच राहणार. मी हे साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, वेगाची चाचणी होईल, जी बोट आधी पोहोचेल तिला काम.

मेजरांनी वडिलांच्या फोटोसमोर हात जोडले आणि म्हणाले, "तवा आपली बोट असती तर ह्ये भिंतीवर नसते." आईने डोळ्यांना पदर लावला. तो क्षण आठवला की आजही माझ्या अंगाची आग होते.

चाचणीच्या आधी काही दिवस मेजर पोत्यात गुंडाळून स्टीलच्या पंख्यांची एक जोडी घेऊन आले. "सांगलीच्या एका मैतराची हाय. नुसती लावून बघू." आम्ही लावली. घाटातून निघताना एक पंखा पाण्याखालच्या जुन्या आंब्याच्या खोडाला घासला, आणि पात्यावर नखाएवढा ओरखडा उठला. मग मोकळ्या पाण्यात गेलो. काय सांगू! माझी टोपी उडाली, डोळ्यांतून पाणी आलं, बोट पाण्याला नुसती शिवत होती. मेजरांचा पंजा वर गेला तो कितीतरी वेळ खालीच येईना. आणि ते गप्प होते. मेजर गप्प, हे तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

काठावर आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ती जोडी उतरवली. "न्हाई गड्या. पळती, पर इंजिन मरंल. आपली जुनीच बरी." डॉक्टरने एखादं औषध नको म्हटलं की पेशंट मान्य करतो, तसं मी ते मान्य केलं.

चाचणीच्या दिवशी मेजर आले नाहीत. लेकीकडे जाऊन येतो असा निरोप होता. लेक पलीकडच्या काठावर दिलेली. मी एकटाच बोट घेऊन सुरुवातीच्या जागी गेलो. शेजारी क्लबची बोट, माझ्यासारख्याच इंजिनांची. त्यांनी इंजिनं वर उचलून पंख्यांचं गवत काढलं आणि मला तो नखाएवढा ओरखडा दिसला. त्याच्यामागे लाइफ जॅकेट घातलेले मेजर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

शिट्टी झाली. अर्ध्या पाण्यापर्यंत मी त्यांच्या बरोबरीने होतो. मग त्या बोटीवर तो पंजा वर जाताना दिसला, हळूहळू, माझ्या ओळखीचा. त्यांची बोट नाक उचलून पुढे गेली आणि मी तिच्या फेसातून मागे जात राहिलो. माझ्या पेट्रोलवर, माझ्या पाण्यात, माझ्या बोटीवर त्यांनी त्या जोडीची तालीम घेतली होती.

पलीकडच्या घाटावर मी त्यांना गाठलं. "मेजर, ही जोडी आपल्या बोटीला नको म्हणालात ना? इंजिन मरेल म्हणालात?"

ते लाइफ जॅकेटचा पट्टा काढत-घालत राहिले. "जावयाला क्लबात चाकावर घेतलाय रं. कायमचा. लेकीचं घर उभं ऱ्हातंय. तू बी बाप झाल्यावर कळंल." मग म्हणाले, "आनि जोडीचं म्हनशील तर, ती आमच्या बोटीला बसली."

आमच्या. या शब्दात ऐकणाऱ्याला जागा नसते. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी वळलो आणि निघून आलो. नंतर ते आटपाडीला गेले आणि पुन्हा दिसले नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आईच्या छातीत कळा आल्या. माझी बोट डागडुजीसाठी काठावर उलटी पडलेली. मी क्लबला फोन केला आणि आईला मांडीवर घेऊन त्याच घाटावर बसलो, रिकाम्या पाण्याकडे बघत. बोट आली. जावयानेच आणली. आई वाचली, हे आधी सांगतो.

दवाखान्यातून सुटल्यावर त्यानेच आम्हाला परत सोडलं. आईला उतरवताना म्हणाला, "मेजरमामा अंथरुनाला खिळल्यात. रोज फोनवर इचारत्यात, आपली बोट कशी हाय."

"ही उभी आहे की. सांगा छान आहे म्हणून."

"ही न्हवं. हिला ते क्लबाची म्हंत्यात. आपली म्हंजी तुमची. त्येंच्या तोंडी आजून तीच." तो घुटमळला. "तुमी काय तरी सांगितलं तर बरं वाटंल त्यास्नी. काय सांगू?"

आई माझ्याकडे बघत होती. तिला माझ्या तोंडून कोणता शब्द हवा होता ते मला कळत होतं. तो जिभेपर्यंत आलाही.

"सांगा," मी म्हणालो, "तुमची बोट आली होती."

त्याने मान खाली घातली आणि बोट वळवली. मोकळ्या पाण्यात गेल्यावर त्याने नाक उचलायला सुरुवात केली. थोडं, आणखी थोडं. मी घाटावर उभा होतो. माझा उजवा पंजा कधी वर गेला मला समजलं नाही, आणि तोंडातून निघून गेलं, "बास."