लेन्सवरची टोपी

ज्या दृश्यामुळे मी एडिटर झालो, ते मी जुळवलेलं नाही. हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. ते दृश्य टोपीवाल्यांचं होतं.

टोपीवाले हे नाव माझ्या बायकोने ठेवलेलं. ते लॉस एंजेलिसमधले टीव्ही मालिकांचे एक दिग्दर्शक. आज इस्पितळाची मालिका, पंधरा दिवसांनी पोलिसांची, मग घोडेस्वारांची. मी तेव्हा तिशीतला असिस्टंट एडिटर. त्यांचं पहिलं रीळ लावलं, तर प्रत्येक शॉटच्या शेवटी अंधार! मला वाटलं, कॅमेरा बिघडला. नीट पाहिलं, तर ती तपकिरी लोकरीची टोपी होती. शॉट जिथे संपायला हवा, तिथे ते डोक्यावरची टोपी काढून सरळ लेन्सपुढे धरत. पुढचं चित्रीकरण कुणाच्या हाती लागायलाच नको. बाकीचे दिग्दर्शक एकेक प्रसंग दहा बाजूंनी टिपून ठेवायचे, आणि त्यातून निवड करायचे निर्माते. हे मात्र लागेल तेवढंच टिपत. सगळा भाग त्यांच्या डोक्यात आधीच जुळलेला असे.

एकदा जनरेटर बंद पडून अर्धा दिवस गेला. सगळे हवालदिल. टोपीवाले खिशात हात घालून सेटवर एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "हे तिन्ही प्रसंग एकाच कॉरिडॉरमध्ये घडले तर कुणाचं काय बिघडतं?" आणि घडवलेच. सगळे वेळेवर घरी गेले. भाग पाहताना मला वाटलं, हे लिहिलंच असं असणार.

"माझं नाव पडद्यावर येतं तेव्हा लोक फ्रिज उघडत असतात," असं ते हसत सांगायचे. "चांगलं आहे. परत येऊन बसले म्हणजे झालं."

आमच्या मराठी मंडळींत मला दर गणपतीला एकच प्रश्न असे. "इंजिनिअरिंग सोडलंस ते सोडलंस, पण तू तिथे करतोस तरी काय रे?" कुळकर्णीकाका विचारत. "फिल्म कापतो, काका." "म्हणजे शिंपीकाम!" सगळे हसत. मीही हसायचो, पण लागायचं.

इस्पितळाच्या मालिकेचा एक भाग सुरू असताना आमचे मुख्य एडिटर आजारी पडले आणि काम माझ्यावर आलं. प्रसंग साधा होता. नवरा गेल्याचं डॉक्टर बाईला सांगतो. ती खोलीत जाते, दार मागे हलत राहतं. टोपीवाल्यांनी बाईच्या चेहऱ्याचा एकही क्लोजअप घेतला नव्हता. ते माझ्या शेजारी येऊन बसले.

"दार थांबेपर्यंत हात लावू नकोस."

"पण सर, लोक चॅनल बदलतील."

"बाई आत रडतेय. तिला तशीच टाकून कोण जाईल?"

मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या मालिकेवर निघून गेले.

निर्माता नवीन होता. "क्लोजअप कुठे आहेत?" म्हणून ओरडतच आत आला. नाहीत म्हटल्यावर आणखी भडकला. मग त्याने प्रसंग पाहिला. दार थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही. शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "म्हाताऱ्याने काहीच दिलं नाही, आणि त्यातून तू हे काढलंस?"

खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. मी "थँक यू" म्हटलं.

त्या सीझननंतर मी एडिटर झालो. टोपीवाल्यांना मात्र पुन्हा बोलावलं नाही. म्हातारा पुरेसे शॉट देत नाही, एडिटरने भाग वाचवला, ही गोष्ट एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेली, आणि त्यांचा फोन वाजायचा कमी झाला. आमच्याकडे मंडळींनी टेप लावून तो भाग पाहिला. कुळकर्णीकाकांनी चष्मा पुसला. "हे तू केलंस? शिंपी म्हणालो ते मागे घेतो रे." बायकोचा चेहरा फुलला होता. तिथेही मी टोपीवाल्यांचं नाव घेतलं नाही.

पुढे टोपीवाले एकदाच भेटले, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. कारच्या छतावर संत्र्यांची पिशवी ठेवून किल्ली शोधत होते.

"तू माझा प्रसंग वाचवलास म्हणे!" ते मोठ्याने हसले. माझी मान खाली गेली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. आपल्यापैकी एकाला तरी काम मिळालं ना? चांगलं कर."

मी चांगलं केलं. आजही कुठे कापायचं ते कळेनासं झालं, की ते शेजारी बसले असते तर काय म्हणाले असते, एवढंच मी स्वतःला विचारतो. उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. एवढं शिकवणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीचा फोन आला. शेवटच्या आजारात ते तोच भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगत. "बाबांचं इतकं सुंदर काम तुम्ही सांभाळलंत, थँक यू," ती म्हणाली. वाचवलं नव्हे, सांभाळलं म्हणाली. म्हणजे त्यांनी घरीसुद्धा माझ्याबद्दल वाईट शब्द काढला नव्हता. मी "यू आर वेलकम" म्हणून फोन ठेवला.

त्यांचं काम का थांबलं, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही. ते सांगणं माझ्याकडे बाकी आहे.